इंदापूरची शाखा

बारामतीत एखाद्या बाईला चारचाकी शिकायची झाली, की कुणी ना कुणी तिला करुणा अहिवळेचा नंबर देतं, आणि देणारी बहुतेक करुणाकडंच शिकलेली असते. भिगवण रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानाला लागून तिचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, थोड्या खुर्च्या आणि भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता. बाहेर 'करुणा लेडीज मोटार ड्रायव्हिंग स्कूल' अशी पाटी, आणि पाटीखाली बंपरला पोचे आलेली पांढरी गाडी. या गाडीत शेजारच्या सीटपुढंही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला आहे. त्या सीटवर बसून करुणानं झेडपीच्या शिक्षिका शिकवल्या, दवाखान्यातल्या नर्स शिकवल्या, नवरा गेल्यावर दारात झाकून ठेवलेली गाडी पुन्हा चालू करायला आलेल्या बायका शिकवल्या. "घरचा माणूस शिकवायला बसला की नुसता वरडतो ओ," असं जवळजवळ प्रत्येकीनं पहिल्या दिवशी तिला सांगितलेलं असतं.

करुणा मूळची सांगवीची. तिचे वडील भानुदास एसटीत ड्रायव्हर होते. पोरगी कॉलेजला जायला लागली तेव्हा त्यांनी एका ओळखीच्याची जुनी जीप मागून आणली आणि तिला कालव्याच्या कडेनं गाडी शिकवली. गावानं चार दिवस हसून घेतलं. भानुदास म्हणाले, "माझ्याकडं जे हाय ते मी पोरीला देतो." पुढं लग्न होऊन ती बारामतीत आली. नवरा बुद्धघोष एमआयडीसीत कंपनीत कामाला. आधी शेजारणी शिकायला मागं लागल्या, मग शेजारणींच्या बहिणी, आणि एक दिवस बुद्धघोषच म्हणाला, "फुकट किती शिकवशील? पाटी लाव की." अशी पाटी लागली.

दिपाली आली ती शिकायलाच. इंदापूर तालुक्यातल्या कळसची. तिच्या घरात आज्याच्या काळापर्यंत मेंढरं होती. आता थोडी बागायत, चार म्हशी आणि एक पिकअप. तिचे वडील सोनबा तिला स्वतः घेऊन आले होते. पागोटं काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "ताई, मला दोन पोरीच हायत. पिकअप माझ्या माघारी कुणी चालवायची? हिला शिकवा."

पोरगी लवकर शिकली. पण करुणाच्या मनात भरलं ते वेगळंच. तेव्हा एक बाई चालवायची आणि दुसरी मागच्या सीटवर बसून बघायची. एके दिवशी ऐन भिगवण चौकात एका पोक्त बाईच्या हातून गाडी बंद पडली. मागं हॉर्नचा कल्ला. बाईच्या हातून किल्ली फिरेना. करुणा काही बोलणार एवढ्यात मागून दिपाली हळूच म्हणाली, "आक्का, घाई न्हाय. थांबतेत ती. थांबू द्या." एवढंच. बाईनं श्वास घेतला, गाडी चालू झाली. करुणानं आरशातून त्या पोरीकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, जणू काही झालंच नाही.

करुणानं तिला ऑफिसात ठेवून घेतली. पुढं तिनं आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केला, नियमानं लागणारा अनुभव भरला, आणि ती इन्स्ट्रक्टर झाली. मग बायका फोन करून विचारायला लागल्या, "दिपाली मॅडमची वेळ मिळंल का?" करुणाला त्याचा राग कधी आला नाही. दिपाली शिकवताना हात मांडीवर ठेवून बसायची. शिकणारीनं चुकीचा गियर टाकला, गाडीनं गचके दिले, तरी ती तोंडातून शब्द काढायची नाही. बाई स्वतःच चूक ओळखून तिच्याकडं बघायची, तेव्हा हसायची. हे करुणालाही इतकं जमत नव्हतं.

मग ती कार्यशाळा झाली. छोटे धंदे करणाऱ्या बायकांसाठी बारामतीत एका हॉलमध्ये दोन दिवस ठेवली होती. शिकवायला पुण्याहून एक सर आलेले. बोलायला गोड, पण पोकळ नव्हते. त्यांनी उभं राहून पहिलाच प्रश्न टाकला, "उद्या तुम्ही आठ दिवस अंथरुणाला खिळलात, तर तुमचा धंदा चालेल का?" पापडवाल्या, पार्लरवाल्या, नर्सरीवाल्या सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

"म्हणजे तुम्ही धंदा करत नाही, नोकरी करताय," सर म्हणाले. "साहेबही तुम्हीच आणि शिपाईही तुम्हीच. वाढायचं असेल तर माणूस तयार करा. तयार झाला की त्याच्यावर सोडा. आणि सोडलं की खरंच सोडा. तासातासाला फोन करून विचारलंत, तर तो जन्मभर तुमचा मदतनीसच राहील."

करुणाला हे पटलं, कारण तिनं हे रोज गाडीत बघितलं होतं. शेजारचीनं स्टेअरिंगला हात लावायचं सोडलं नाही, तर चालवणारी कधी शिकतच नाही. घरी येऊन तिनं बुद्धघोषला सांगितलं, "इंदापूरला शाखा काढायची. दिपालीला हेड करायची. पगार न्हाय, भागीदारी द्यायची."

"तिला विचारलंस?"

"विचारते की."

दिपालीला विचारलं तेव्हा ती बराच वेळ टेबलावरचा पेन फिरवत बसली. मग म्हणाली, "जमंल का मला, ताई?"

"तुला न्हाय जमलं तर कुणाला जमायचं?" करुणा म्हणाली.

उद्घाटनाला दोन्ही घरची माणसं आली. आत ऑफिसात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना भानुदासांनी हार घातला. बाहेर नव्या गाडीच्या बॉनेटवर सोनबांनी खंडोबाचं नाव घेऊन भंडारा उधळला. दिपालीच्या आईला, साखरबाईंना वाचता येत नव्हतं, पण पोरीच्या नावाचं कार्ड त्यांनी जमलेल्या प्रत्येक बाईच्या हातात दिलं आणि विचारलं, "काय लिव्हलंय, सांग बरं." प्रत्येकीनं वाचलं, "शाखाप्रमुख." प्रत्येक वेळी साखरबाईंनी पदर तोंडाला लावला.

शाखा चालली, नव्हे, धावली. दिपाली सकाळी कळसहून एसटीनं यायची, दिवसभर शिकवायची, संध्याकाळी परत. इंदापुरात गाडी शिकवणारी दुसरी बाई नव्हती. करुणा मनावर दगड ठेवून तिकडं फिरकत नव्हती. फोन उचलायला हात जायचा, ती मागं घ्यायची. दिपालीचा फोन आला तरच बोलायची, आणि ते बोलणंही कमी कमी होत गेलं. करुणाला वाटायचं, बरोबर चाललंय.

उसाचा हंगाम जोरात होता. त्या सकाळी करुणा बारामतीत लायसनच्या परीक्षेच्या ट्रॅकवर बायकांना घेऊन उभी होती. दिपालीचा फोन आला.

"ताई, त्या स्वराली मॅडमना आज रोडवर घेऊ का?" स्वराली म्हणजे नव्यानं नोकरीला लागलेली शिक्षिका, शाळा लांबच्या वस्तीवर, म्हणून गाडी शिकत होती. "ग्राउंडवर झ्याक चालवत्यात. पण मागनं हॉर्न वाजला की बिचकत्यात. परीक्षा तर जवळ आलीय. तुमी एकदा यिऊन बघता का?"

'थांब, उद्या येते,' असं करुणाच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला सरांचं बोलणं आठवलं. तिनं ते शब्द गिळले आणि म्हणाली, "तू हेड हायस तितली. तू ठरव."

दिपाली म्हणाली, "बरं."

फोन ठेवताना करुणाला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुपारच्या आत अनोळखी नंबरवरून फोन आला. इंदापूरच्या सर्व्हिस रोडला स्वराली हळूहळू गाडी चालवत होती. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा, आणि त्यानं लांबलचक हॉर्न दिला. स्वराली दचकली. पाय ब्रेकवर जायचा तो ॲक्सिलरेटरवर गेला आणि स्टेअरिंग डावीकडं ओढलं गेलं. रस्त्याच्या कडेला जोतीराम नावाचे एक दूधवाले मोटारसायकल उभी करून कॅनची दोरी आवळत होते. दिपालीनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. गाडी घसरत गेली आणि मोटारसायकलला धडकली. मोटारसायकल जोतीरामांच्या पायावर पडली. डांबरावर सगळीकडं दूध.

जीव वाचला. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून सळई घालावी लागली. करुणा पोचली तेव्हा दिपाली दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. सलवारीवर दुधाचे डाग वाळले होते. स्वरालीला तिच्या घरचे घेऊन गेले होते.

"तू ब्रेक मारलास म्हणून थोडक्यात भागलं," करुणा म्हणाली.

"व्हय."

"मी असते तरी हेच झालं असतं गं."

दिपालीनं मान वर केली. "तुमी असता, तर त्यांना रोडवर घेतली असती?"

करुणा उत्तर द्यायला क्षणभर थांबली. खरंच तिला ठाऊक नव्हतं. "घेतली असती," ती म्हणाली. पण मधे तो क्षण गेला होता, आणि दिपालीनं तो बघितला होता.

"तुमी म्हणाला, तू ठरव," दिपाली म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "मग मी ठरवलं."

पोलिसात जबाब झाले, विम्याची कागदं झाली. जोतीराम माणूस सरळ निघाले. दिपाली त्यांना भेटायला गेली तेव्हा खाटेवरून त्यांनीच तिची समजूत घातली. "पोरी, तू काय मुद्दाम केलं का? ट्रॅक्टरवाल्यानं कान फाटंस्तोवर हॉर्न दिला. मी बी दचाकलो की." त्यांच्या बायकोनं तिला चहा दिला. दिपालीनं तो प्यायला, पाया पडली आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला ओकली. हे करुणाला खूप नंतर कळलं, साखरबाईंकडून.

थोड्याच दिवसांत दिपाली कामावर परत आली. "बरी हाय मी, ताई," म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. करुणाला हायसं वाटलं. तिनं जाणूनबुजून जास्त विचारपूस केली नाही; पोरीला वाटायला नको, की हिचा आपल्यावरचा भरवसा उडाला.

हळूहळू इंदापूरच्या बायका कमी व्हायला लागल्या. करुणाला वाटलं, अपघाताची बातमी फुटली असेल, घरचे घाबरले असतील. मग एक दिवस इंदापूरची एक अंगणवाडी सेविका थेट बारामतीच्या ऑफिसात येऊन बसली.

"मला तुमच्याकडंच शिकवा, मॅडम. एसटीनं यीन मी."

"का? तितं दिपाली मॅडम हायत की. माझ्यापेक्षा चांगल्या शिकवत्यात."

बाई घुटमळली. "त्या लई चांगल्या हायत. एक शब्द बोलत न्हाईत. पण गाडी चालवूच देत न्हाईत ओ."

दुसऱ्या दिवशी करुणा इंदापूरला गेली आणि त्याच बाईला चालवायला बसवून स्वतः मागच्या सीटवर बसली. दिपाली नेहमीसारखी शेजारी, हात मांडीवर. गाडी निघाली. दहा हात गेली आणि थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. लांबवर एक म्हातारी रस्ता ओलांडत होती, गाडी थांबली. एक कुत्रं उठून बसलं, गाडी थांबली. समोर काहीच नव्हतं, तरी थांबली. चालवणाऱ्या बाईच्या मानेवरून घाम ओघळत होता. तिला कळत नव्हतं, आपलं काय चुकतंय.

करुणानं पुढं वाकून बघितलं. दिपालीचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता, रोवलेला होता.

"दिपाली, पाय काढ."

"काढलाय की."

"अगं, बघ खाली."

दिपालीनं खाली बघितलं. आपलाच पाय ती दुसऱ्याचा असल्यासारखी बघत राहिली. मग उचलून मागं घेतला. गाडी निघाली, पुढच्या वळणापर्यंत गेली, आणि थांबली.

त्यानंतर करुणानं जे सुचेल ते करून बघितलं. ती स्वतः चालवायला बसली आणि दिपालीला शेजारी बसवलं. इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या करुणालाही दिपालीच्या पायानं चौकाचौकात थांबवलं. मग उलट केलं, दिपालीला चालवायला दिली. तर ती अशी सफाईनं चालवायला लागली की बघत राहावं. सोलापूर हायवेला जाऊन आली, ऐन बाजाराच्या गर्दीतून गाडी काढली.

"अगं, मग हे कसं जमतं तुला?"

"माझ्या हातात असली की काय वाटत न्हाय, ताई." दिपाली स्टेअरिंगवरून हात फिरवत म्हणाली. "दुसरीच्या हातात दिली की पाय माझं ऐकत न्हाय. मी लई सांगते त्याला."

करुणा सांगवीला गेली. भानुदास आता थकले होते, ओट्यावर बसून असायचे. तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "तात्या, तुमच्या डेपोत असं कुणाचं झालं हुतं का?"

"झालं हुतं. दादासो म्हणून एक हुता माझ्याबरुबर. त्याच्या गाडीखाली एक पोरगं आलं. वाचलं ते पोरगं. पण दादासोनं अर्ज देऊन शेडमधी काम मागून घेतलं."

"मग त्याला परत गाडीवर कुणी बसवलं?"

"कुणी न्हाय. सायबांनी लई सांगून बघितलं. आमी सांगून बघितलं."

"मग तुमी काय केलं?"

भानुदासांनी विचार केला. "डबा खाताना त्याला शेजारी बसवून घ्यायचो," ते म्हणाले. त्यांना आणखी काही आठवलं नाही.

तिनं कार्यशाळेतल्या सरांनाही फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मधे थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते चुकीचं नव्हतं."

"ते ठीक आहे सर. आता काय करू?"

"तिला वेळ द्या. डॉक्टरांना दाखवा."

"दाखवलं. पुण्यालाही नेऊन आणलं. गोळ्या चालू आहेत."

"खरं सांगू का," सर म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडं नाही." करुणाला त्यांचा राग आला नाही. उलट, ते तेवढं तरी बोलले याचं बरंच वाटलं. पण फोन ठेवल्यावर ती ऑफिसात तशीच बसून राहिली, शेवटी बाहेर गाडीत वाट बघणाऱ्या बाईनंच तिला हाक मारली.

शाखा बंद पडू नये म्हणून ती सकाळी बारामतीला आणि दुपारनंतर इंदापूरला शिकवायला लागली. त्यात दोन्हीकडच्या बायका नाराज झाल्या. बारामतीची बाई वाट बघून घरी जायची, इंदापूरची बाई करुणा पोचेपर्यंत दूध काढायची वेळ झाली म्हणून उठायची. दुसरी इन्स्ट्रक्टर शोधली. एकीचं लग्न ठरलं होतं, दुसरीला घरून इंदापूरला पाठवेनात. एक चांगला पुरुष शिकवणारा मिळाला, तर बायकाच येईनात. दिपालीला तिनं बारामतीच्या टेबलावर बसवलं, फोन घ्यायला. पण येणारी प्रत्येक बाई विचारायची, "तुमीच ना त्या दिपाली मॅडम? शिकवत न्हाई का आता?" दिपाली हसून "न्हाय" म्हणायची. एका सोमवारी ती आलीच नाही.

करुणा कळसला गेली. साखरबाईंनी जेवायला वाढलं, बळंच भाकरी ताटात घातली. दिपाली म्हशींचं बघायला गोठ्यात गेली ती लवकर बाहेर आली नाही. सोनबा समोर बसले होते.

"ताई, पोरगी बोलत न्हाय. काम करती, जेवती, पण गप. तुमी सांगा तिला."

"काय सांगू, आबा?"

"तुमी सांगाल ते. तुमच्या शबुदाभाईर न्हाय ती. तुमी म्हणाला तर उद्याच्याला गाडीत जाऊन बसंल बघा."

हे करुणालाही माहीत होतं. तिनं नुसतं 'चल' म्हटलं असतं, तर दिपाली हात धुऊन आली असती आणि त्या सीटवर जाऊन बसली असती. पायाखाली ब्रेक दाबून धरून, घाम पुसत, तोंडातून शब्द न काढता, दिवसभर. म्हणून तर करुणाला ते म्हणता येईना. आणि दुसरं काय म्हणायचं, ते सापडेना.

"तुमी तिला हितवर आणली," सोनबा म्हणाले. "आमाला काय कळतंय त्यातलं?" त्यांच्या बोलण्यात दोष देणं अजिबात नव्हतं. नुसता विश्वास होता, आणि करुणाला तो झेपेना. "बघते, आबा," म्हणाली. बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

इंदापूरची शाखा पुढच्या हंगामात, संक्रांतीच्या आधी बंद केली. पाटी उतरवायला बुद्धघोष आला होता. तो पाटी आणि टेबल-खुर्च्या टेम्पोत घालून पुढं गेला. गाडी बारामतीला न्यायची होती. दिपाली तसबिरी पुसून कागदात गुंडाळत होती. ती स्वतःहून म्हणाली, "गाडी मी घेते, ताई. जंक्शनपतुर येते. तितनं जाते घरला."

करुणा शेजारच्या सीटवर बसली. तिच्या पायांपुढं तो ब्रेक होता. तिनं पाय मागं, सीटखाली घेतले. निमगाव केतकी गेलं. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. दिपालीनं एकेक ट्रॉली नीट वाट बघून ओलांडली. घाई नाही, भीती नाही. समोरून येणाऱ्या एसटीला जागा दिली. उन्हात दोन्हीकडं तुऱ्यावर आलेला ऊस. करुणाच्या मनात आलं, ही बरी आहे. हिला काही झालेलं नाही. अजून थोडे दिवस, अजून एकदा विचारून बघू.

"दिपाली."

"हं?"

"उन्हाळ्यात बघू का परत? हळूहळू. आधी ग्राउंडवरच."

दिपालीनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तुमी म्हणत असला तर येते," ती म्हणाली.

"मी म्हणते म्हणून नको गं. तुला वाटतंय का?"

शेवटची ट्रॉलीही मागं पडली. "मला कायच वाटत न्हाय, ताई," दिपाली म्हणाली. "लई दिवस झालं. आधी वाटायचं तसं कायच वाटत न्हाय."

जंक्शन गावाला, कळसच्या फाट्यावर तिनं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून करुणाच्या हातात दिली. खाली उतरून तसबिरींचं पुडकं मागच्या सीटवर नीट ठेवलं, पडू नये म्हणून बाजूला आपली ओढणी लावली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ओढणी परत घेतली आणि तिथं गाडी पुसायचं फडकं लावलं. "येते," म्हणाली. कळसकडं जाणारी जीप भरत होती. ती पुढं जाऊन मागच्या फळीवर बसली. जीप निघेपर्यंत करुणा थांबली. मग पलीकडच्या सीटवर सरकली आणि भवानीनगरवरून, काटेवाडीवरून घरी आली.

उन्हाळ्यात तिनं विचारलं नाही. दिपालीही आली नाही, आणि फोनवर दोघी म्हशींच्या, पावसाच्या गोष्टी बोलायच्या. सोनबांनी एकदा सांगितलं, दिपाली आता पिकअप घेऊन भाजीपाला बाजारला नेते, एकटीच. चांगलं चाललंय. "तुमच्यामुळं," ते म्हणाले. करुणानं "हो" म्हटलं. पोरगी गाडी चालवतेय याचा तिला आनंद झाला. पण त्याच फोननंतर तिनं बुद्धघोषला विचारलं, "मी काय करायला पायजे हुतं?"

इंदापूरहून अजून फोन येतात. जुना नंबर कुणाच्या तरी मोबाईलमध्ये राहिलेला असतो. "मॅडम, तुमची शाखा परत कधी चालू व्हणार? दिपाली मॅडम हायत ना?" करुणा सांगते, सध्या बंद आहे, बारामतीला यायला जमेल का? बहुतेकींना जमत नाही. पोरांची शाळा असते, धारांची वेळ असते, एसटीचा भरवसा नसतो. "बरं, मग बघू," म्हणून त्या फोन ठेवतात. करुणा थोडा वेळ फोन हातात धरून बसते आणि मग बाहेर येते. गाडीत कुणीतरी येऊन बसलेली असते, दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून.